सादिलवार

पुकारा झाला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात झेरॉक्सच्या टपरीपाशी चहाचा कप धरून उभी होते. दावा आमच्या भावकीतला, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा. आजोबांच्या हयातीत सुरू झालेला आणि त्यांच्या नातवंडांचे केस पिकले तरी न संपलेला. धाकट्या चुलत्यांच्या बाजूने दोघांची साक्ष होती. एक मुलाणी मामा, ज्यांनी त्या विहिरीवरचं डिझेल इंजिन उमेदीची सगळी वर्षं चालवलं. आणि दुसरी मी, कारण पाण्याच्या पाळ्या टिपून ठेवलेल्या माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, डायऱ्या माझ्याकडे. आत जुन्या कागदांचा आणि ओल आलेल्या भिंतींचा वास. पंखा फिरत होता, पण वारा लागत होता तो फक्त साहेबांच्या टेबलावरच्या कागदांना. मामा पिंजऱ्यात उभे राहिले. शिपायाने त्यांच्या जाळीच्या टोपीकडे एकदा पाहिलं आणि एका दमात म्हणून टाकलं, ‘प्रतिज्ञेवर सांगतो की, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.’ मामांनी ते तसंच म्हटलं. मग मी. शिपायाने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि तितक्याच सहज सुरुवात केली, ‘ईश्वरसाक्ष शपथ घेते की...’ मीही म्हटलं.

एवढंच झालं. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाचा आवाज चढला नाही. कायद्याने दोन्ही चालतं. १९६९च्या शपथ कायद्यात हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत, मध्ये एक तिरकी रेघ. ज्याला जे पटेल ते त्याने म्हणावं. फक्त आम्हा दोघांनाही कुणी विचारलं नाही. एकाचं टोपीवरून ठरलं, दुसरीचं टिकलीवरून. मामा पाच वेळचे नमाजी. माझं म्हणाल तर चतुर्थीला मोदक होतात, आरतीला टाळ्याही वाजवते, पण अडीअडचणीला देवाला हाक मारायची सवय कधी सुटली ते सांगता यायचं नाही. म्हणजे ज्याचा ईश्वरावर पक्का भरवसा त्याची साक्ष ईश्वराला बाहेर बसवून झाली, आणि जिचा हिशेब धड लागलेला नाही तिच्यासाठी मात्र त्याला साक्षीला बोलावलं. परतीच्या एसटीत मी हे मामांना बोलून दाखवलं. ते खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत होते. म्हणाले, ‘इंजिनाचं खरं सांगायला देव कशाला लागतोय? डिझेलच्या पावत्या हायत की.’ आणि मग, ‘लवकर सुटलो हे बरं झालं, शेरडं सोडायचीत.’

मला मात्र ते सुटेना.

शपथा आमच्या घरात पैशाला पासरी. ‘देवाशप्पथ’ ही रोजच्या वापरातली, तिला किंमत नसे. त्यावरची ‘आईशप्पथ’. अगदीच गळ्याशी आलं की ‘गळ्याशप्पथ’, गळ्याची कातडी चिमटीत धरून. ती खोटी घेतली तर ज्याची घेतली तो मरतो, असं आम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ करत एकमेकींच्या मागे अंगणभर पळायचो. मोठ्यांची शपथ वेगळी. तिला भंडारा लागे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री पॅनेलची माणसं दाराशी यायची, हळूच आत यायची, पिवळाधमक भंडारा आणि बेलाचं पान पुढे करायची. आजीने एका निवडणुकीत दोन्ही पॅनेलांचा भंडारा उचलला. आई घाबरली. आजी शांतपणे हात धुऊन आली आणि म्हणाली, ‘खंडोबाला ठाव हाय मी कुणाला दिलं त्ये. ह्यांस्नी कशाला सांगू?’ तिच्या बोटांच्या पेरांत दुसऱ्या दिवशीही हळद दिसत होती, शाईच्या ठिपक्याशेजारी. गुप्त मतदानाची पेटी कुणी शोधली असेल त्याच्या डोळ्यांसमोर खंडोबा नसणार, पण आमच्या आजीची त्या पेटीने फार मोठी सोय केली. आत जाऊन शिक्का मारताना तिला ना पॅनेलवाल्याला जाब द्यायचा होता, ना भंडाऱ्याला.

तात्या गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. सहकाराची जी.डी.सी.अँड ए. परीक्षा त्यांनी दुसऱ्या खेपेला काढली. त्या अभ्यासाची वही अजून माझ्याकडे आहे. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात पहिल्याच पानावर ‘रॉशडेलचे प्रवर्तक’. इंग्लंडातल्या रॉशडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, बहुतेक विणकर आणि कारागीर, थेंबे थेंबे पैसे साठवून दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या. माल चोख, माप पुरं, दर माणशी एक मत. तात्यांनी त्या संस्थेची तत्त्वं एकाखाली एक उतरवून काढली आहेत आणि त्यातल्या ‘राजकीय व धार्मिक तटस्थता’ या तत्त्वाखाली दोनदा रेघ ओढली आहे. परीक्षेला येणार अशी खूण असेल. पण ते तत्त्व पुढे त्यांच्या मानगुटीवर बसलं एवढं खरं.

सोसायटीत दर श्रावणात सत्यनारायण असे. मला तो फार आवडायचा, हे आधीच सांगते. ऑफिसातली टेबलं भिंतीला लावलेली, खतांच्या पोत्यांवर सतरंजी अंथरलेली, केळीचे खुंट चौरंगाला बांधलेले, आणि उदबत्तीच्या वासात मिसळलेला युरियाचा उग्र वास. हा वास मला अजून कुठे आला की तोंडाला प्रसादाच्या शिऱ्याचं पाणी सुटतं. चेअरमन सपत्नीक पूजेला बसायचे. मुलाणी मामा संचालक नव्हते, सभासद होते. केळी त्यांच्याच बांधावरची यायची आणि द्रोण वाटायला तेच पुढे. कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. मग एका वर्षी नवा ऑडिटर आला. त्याने खतावणी चाळता चाळता ‘सादिलवार’ या किरकोळ खर्चाच्या सदराखाली बोट ठेवलं. पूजेचं साहित्य, भटजींची दक्षिणा, शिऱ्याचा रवा, तूप, साखर. ‘सचिव, हे कशातून?’ तात्या म्हणाले, ‘दरसाल असंच असतं.’ ऑडिटर म्हणाला, ‘दरसाल असेल. पोटनियमात कुठं आहे?’ आणि त्याने शेरा मारला.

त्या शेऱ्यावर घरात झालेली चर्चा मला चांगली आठवते, कारण जेवणं थंड झाली होती. मोठे चुलते म्हणाले, ऑडिटर नास्तिक दिसतोय. तात्या म्हणाले, गळ्यात माळ होती त्याच्या, वारीला जातो म्हणाला. मग? मग काही नाही. तात्यांनी पुढच्या वर्षी पूजेची वेगळी वही घातली. ज्याला वर्गणी द्यायची त्याने तिथे द्यावी, सोसायटीच्या पैशाला हात लावायचा नाही. पूजा झाली, शिरा झाला, मामांनी केळीही दिली. पण चेअरमन तात्यांशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होते. मला तेव्हा तात्यांचा रागच आला होता. एवढ्याशा रव्या-साखरेसाठी माणसं दुखवायची? आता वाटतं, मी निधर्मीपणाविषयी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्या वहीत आहे, आणि ती वही घालणारा माणूस रोज सकाळी हरिपाठ म्हणत होता.

रॉशडेलच्या त्या दुकानाचा इतिहास ज्याने लिहून जगभर नेला तो जॉर्ज जेकब होलिओक. आणि ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द १८५१मध्ये ज्याने चालवला तोही हाच होलिओक. हे मला फार उशिरा, एका संध्याकाळी भलतंच काही वाचताना कळलं आणि मी उठून तात्यांची वही काढून बसले. बर्मिंगहॅमचा, ओतशाळेत काम करून हात राठ झालेला, नंतर शिक्षक आणि गावोगाव भाषणं देणारा माणूस. १८४२मध्ये चेल्टनहॅमला गरिबांसाठी वसाहती कशा वसवता येतील यावर त्याचं भाषण होतं. भाषणात देवाचं नाव नव्हतं. भाषण संपल्यावर श्रोत्यांतल्या एका धर्मोपदेशकाने मुद्दाम विचारलं, माणसांविषयीची कर्तव्यं सांगितलीत, देवाविषयीच्या कर्तव्याचं काय? होलिओकला गप्प बसता आलं असतं. त्याने उत्तर दिलं, आणि तिरकस दिलं: लोक इतके हलाखीत आहेत की त्यांना देव परवडत नाही, पलटणीतल्या अधिकाऱ्यांना ठेवतात तसं देवालाही काही काळ अर्ध्या पगारावर ठेवावं. या वाक्यापायी ग्लॉस्टरच्या तुरुंगात सहा महिने. तो आत असताना त्याची लहानगी मुलगी वारली.

अर्धा पगार. आमच्या ऑडिटरने नेमकं हेच केलं होतं का? मला वाटतं नाही. ऑडिटर देवाचा पगार कापत नव्हता, तो फक्त सोसायटीच्या पगारपत्रकात देवाचं नाव नको म्हणत होता. आणि गंमत म्हणजे तुरुंगातून सुटून वर्षं उलटल्यावर होलिओकही तिथेच पोचला. देव आहे की नाही हा वाद बाजूला ठेवा, या जगातली कामं या जगातल्या साधनांनी करा, भुकेचं उत्तर पिठाने द्या, आणि त्यासाठी श्रद्धावान शेजारी बरोबर येत असेल तर त्याला येऊ द्या. तो स्वतःला नास्तिक म्हणवून घ्यायला नाखूश होता. त्याच्या सोबत्यांना हे पुळचट वाटे. सर्वांत जास्त ज्याला वाटलं तो चार्ल्स ब्रॅडलॉ.

ब्रॅडलॉची गोष्ट मी कोर्टातून आल्यावर पुन्हा वाचून काढली. अंगापिंडाने दांडगा, आवाज खणखणीत, नास्तिक म्हणजे नास्तिक. इंग्लंडात १८६९पर्यंत अशा माणसाची कोर्टात साक्षच चालत नसे. शपथ बायबलवर, बायबल मानत नाही म्हणून शपथ नाही, शपथ नाही म्हणून साक्ष नाही. तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या घरात चोरी झाली, तुम्ही चोराला ओळखलंत, तरी न्यायाधीशापुढे तुम्ही मुके. ब्रॅडलॉच्या स्वतःच्या पैशाच्या दाव्यातही हीच हरकत आडवी आली. हे वाचताना मला आमची विहीर दिसली. मुलाणी मामांचं चाळीस एक वर्षांचं पाणी, इंजिनाचा पट्टा कितीदा तुटला, कुठल्या चुलत्याने रात्रीचं पाणी कसं फिरवून घेतलं, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात आहे आणि त्याच्या परमेश्वराचं नाव वेगळं म्हणून ते कागदावर यायचं नाही. दावा कोणाच्या बाजूने गेला असता? निधर्मी राज्याची कल्पना तत्त्वज्ञांच्या अभ्यासिकेत जन्मली असेलही, पण ती हवीशी झाली ती अशा गाऱ्हाण्यांमुळे. माझं बोलणं खरं धरण्याआधी माझा देव तपासू नका.

१८८०मध्ये ब्रॅडलॉ नॉर्दॅम्प्टनमधून पार्लमेंटात निवडून आला. शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हणाला, नाही म्हणाले. बरं, शपथ घेतो म्हणाला. तुझ्या तोंडी शपथ पोकळ आहे म्हणाले. एक रात्र त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. जागा रिकामी ठरवली की नॉर्दॅम्प्टनचे लोक, त्यात चांभारकाम करणारे पुष्कळ, त्याला पुन्हा निवडून द्यायचे. एकदा पोलिसांनी आणि पट्टेवाल्यांनी अक्षरशः उचलून त्याला जिन्यावरून खाली नेलं, कोट फाटला. एकदा त्याने सभागृहात सरळ पुढे जाऊन खिशातला कागद काढला आणि आपली शपथ आपणच घेऊन टाकली. हे सारं सहा वर्षं चाललं. १८८६मध्ये नव्या पार्लमेंटात सभापतीने कुणाची हरकत ऐकून घ्यायची नाही असं ठरवलं तेव्हा तो बसला, आणि १८८८चा शपथ कायदा त्यानेच मंजूर करून घेतला. त्यात एक गोष्ट मला खुपते. एवढा भांडकुदळ सत्यवादी माणूस, पण शेवटी आत गेला तो शपथ घेऊनच. मी पिंजऱ्यात जे केलं त्याहून फार वेगळं काय?

पुढच्याच वर्षी, १८८९च्या डिसेंबरात, दुखण्यातून उठलेला ब्रॅडलॉ मुंबईला आला. काँग्रेसचं पाचवं अधिवेशन होतं, अध्यक्ष विल्यम वेडरबर्न, आणि प्रतिनिधी मोजले तर भरले बरोबर १८८९. पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू सतत मांडतो म्हणून त्याला तिकडे ‘हिंदुस्थानचा सभासद’ म्हणत. त्या मंडपात गंध लावलेले, पागोटी घातलेले, पारशी टोप्या घातलेले किती लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत असतील! त्यांच्यातल्या बहुतेकांनी घरी जाऊन आंघोळ केली असणार, तो भाग वेगळा. एका नास्तिकाने आपल्या देवाधर्माच्या देशाची वकिली करावी यात त्यांना काही खटकलं नाही, कारण प्रश्न मिठावरच्या कराचा, कौन्सिलातल्या जागांचा होता. १८९१च्या ३० जानेवारीला ब्रॅडलॉ गेला. अंत्यविधीला लंडनमधले हिंदी विद्यार्थी गेले, त्यांच्यात मोहनदास गांधी नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा होता. परतताना स्टेशनवर एक नास्तिक एका पाद्र्याला देवाचा आकार किती, पत्ता काय असं विचारून छळत होता आणि पाद्री नम्रपणे ऐकून घेत होता, हा प्रसंग गांधींनी आत्मचरित्रात टिपला आहे. नास्तिकपणाविषयीची आपली अढी त्याने वाढलीच, असंही म्हटलं आहे. तरीही ते गेले होते. मला त्या मुलाचं जाणं फार आवडतं. पटत नाही, पण माणूस आपल्या बाजूने उभा राहिला होता, तेव्हा जायला हवं.

त्याच हिवाळ्यात, ब्रॅडलॉच्या दोन महिने आधी, इकडे पुण्यात जोतीराव फुले गेले होते. त्यांच्या मागे १८९१मध्ये छापून आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या शेवटच्या ग्रंथात एका घराचं चित्र आहे: बायकोने बौद्ध व्हावं, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात नांदावं. होलिओक आणि ब्रॅडलॉ भांडले ते कोर्टाशी, पार्लमेंटशी. जोतीराव एकदम माजघरात शिरले. मला विचाराल तर हे जास्त अवघड आहे. आमच्या घरात नुसती सून दुसऱ्या जातीची आली तर दिवाळीच्या फराळाचे डबे कुणी कुणाकडे न्यायचे यावर बैठक बसली होती. मुलीने कुराण वाचलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

शिपायाने टोपी पाहून जो फरक केला, तो त्याने कुठून उचलला याचा मी बराच शोध घेतला, आणि हाताला लागलं ते उलटंच. कंपनी सरकारच्या कोर्टांत हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ घ्यायला लावत. लोकांना ते नको असे. भल्या घरचा माणूस गंगाजल हातात घ्यायला लागू नये म्हणून साक्षच टाळायचा. म्हणून १८४०च्या कायद्याने दोघांचीही त्यातून सुटका केली आणि प्रतिज्ञा आणली. पुढे १८७३च्या कायद्यात तर साक्षीदार हिंदू असो, मुसलमान असो की शपथेला हरकत असणारा आणखी कुणी, त्याने शपथेऐवजी प्रतिज्ञाच करायची असं आलं. तेव्हा सिनेमात साक्षीदार गीतेवर हात ठेवतो ते सगळं पडद्यावरचं. ब्रॅडलॉला ज्या प्रतिज्ञेसाठी सहा वर्षं जिन्यावरून ढकललं गेलं, ती आमच्याकडच्या विहिरी-बांधांच्या दाव्यांत पाटील, कुळकर्णी, मुलाणी सगळे मुकाट्याने करत होते. आजही तहसीलबाहेर उत्पन्नाचं नाही तर नावातल्या बदलाचं प्रतिज्ञापत्र करायला जा. टंकलेखक तुमचा धर्म न विचारता पहिल्या ओळीत ठोकून देतो, ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’. देव, कुराण, गंगाजल, काही नाही. खाली नोटरीचा लाल शिक्का.

घटना समितीत देवाचा प्रश्न मतालाच टाकावा लागला होता, हे वाचून मी थक्क झाले होते. के. टी. शहांनी ‘सेक्युलर’ हा शब्द घटनेत घाला म्हणून १९४८च्या नोव्हेंबरात दुरुस्ती सुचवली, ती फेटाळली गेली. पुढे १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, सरनामा चर्चेला आला तेव्हा, हरि विष्णु कामतांनी त्याची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी असं मांडलं. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद, म्हणजे स्वतः भाविक. हृदयनाथ कुंझरूंनी हरकत घेतली ती अशी की, ज्या गोष्टी अंतःकरणातल्या आहेत त्या इतरांवर लादायच्या कशाला. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं, देवावर मतदान करायची पाळी आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. हात मोजले गेले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. हे विरुद्ध असलेले ६८ जण काही बिनदेवाचे नव्हते. त्यातले कितीतरी सकाळी पूजा करून आले असतील, नमाज पढून आले असतील. मला त्यांच्यात आमचा माळकरी ऑडिटर बसलेला दिसतो. ‘सेक्युलर’ हा शब्द सरनाम्यात आला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, आणि त्यावरून अजून हमरीतुमरी चालते. मला त्या शब्दाच्या मिरवणुकीपेक्षा सत्तावीसवं कलम जवळचं वाटतं: विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेला कर कुणालाही सक्तीने द्यावा लागणार नाही. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे, तिला ते कलम लागू नाही, हे मला कळतं. तात्यांना ते कलम ठाऊक असेल असंही वाटत नाही. त्यांनी वही घातली.

आपल्याकडे या विषयावर बोलायचं झालं की लोक लगेच गावजत्रेतला मुलाणी काढतात. म्हसोबाचं बकरं मुलाण्यानेच हलाल करायचं, पीराच्या उरुसाला पाटलाचा पहिला मान, ईदला शिरखुर्मा, दिवाळीला करंज्या. खरं आहे, आमच्या गावात आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण तो शेजारधर्म. तो मनावर चालतो, आणि मन फिरायला वेळ लागत नाही. एका दंगलीच्या अफवेच्या रात्री मामांच्या घराला बाहेरून कडी घातली होती. कुणी घातली ते गावाला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तेच लोक मामांकडे इंजिनाच्या दुरुस्तीला आले. शिरखुर्म्याने ती कडी निघत नाही. तिला लागतो रुक्ष, कोरडा, कुणावर प्रेम नसलेला कागद, जो म्हणतो की या माणसाची साक्ष त्या माणसाच्या साक्षीइतकीच. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की सरकार कुणाला धर्म सांगायची किंवा लिहायची सक्ती करू शकत नाही, आणि ‘मला धर्म नाही’ असं म्हणायचाही माणसाला हक्क आहे. मी ती बातमी कापून ठेवली होती. भाचीच्या शाळेचा फॉर्म भरताना ती आठवली, पण वहिनी शेजारी बसली होती, तिने ‘हिंदू’ लिहून टाकलं. मी काही बोलले नाही. फॉर्म तिच्या मुलीचा.

तात्या गेल्यावर सोसायटीतले त्यांचे शेअर वारसाने माझ्या नावावर झाले, म्हणून मीही आता सभासद. गेल्या सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभेला गेले. नवी इमारत झाली आहे, टाइल्सची, दारावर गणपती कोरलेला. अहवालाचं पुस्तक चाळताना नफा-तोटा पत्रकात ‘सादिलवार’समोर पाच आकडी रक्कम दिसली. बाजूला खुलासा नव्हता. शेवटचा विषय आला, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’, तेव्हा मी उभी राहिले आणि विचारलं, यात वास्तुपूजेचा खर्च आहे का, असेल तर वर्गणीची वही का घातली नाही. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. अध्यक्ष माझ्या वर्गातले. हसून म्हणाले, ‘तात्यांची लेक शोभतीस. पर ताई, पूजा समद्यांचीच हुती की.’ मागून कुणीतरी म्हणालं, पुण्यात राहून डोकं फिरतंय माणसाचं. एवढं मी धरूनच चालले होते. धरलं नव्हतं ते पुढचं. मुलाणी मामांचा धाकटा आता संचालक मंडळावर आहे. तो उठून माझ्या खुर्चीपाशी आला, वाकला आणि अगदी हळू म्हणाला, ‘ताई, बसा खाली. तुम्ही जाल पुण्याला. उद्या लोक म्हणतील ह्यानंच विचारायला लावलं.’

मी बसले. रागाने बसले, त्याच्यावरच्याही. त्याने माझ्या हातात प्रसादाची पिशवी दिली, पेढे आणि एक केळं. केळं त्यांच्याच बांधावरचं, ते मी सालीवरून ओळखते. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि तरी त्याने तसं म्हणावं ही वेळ त्याच्यावर का यावी याचा ताप काही उतरेना. गाडीत बसल्यावर वाटलं, तात्यांनी कुणाला विचारून वही घातली नव्हती. मामांच्या वतीने तर मुळीच नाही. त्यांनी ती घातली कारण हिशेब तसा जुळत नव्हता. मीही तेवढंच विचारायला हवं, मुलाण्याच्या पोराला मध्ये न ओढता: माझे शेअर, माझा पैसा, खुलासा द्या.

इतिवृत्ताची प्रत मागितली. त्यात लिहिलंय, ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन हिशेबपत्रके सर्वानुमते मंजूर करण्यात आली.’ मी हात वर केला नव्हता, तसं लेखी कळवलंय आणि सादिलवार खर्चाचा तपशील सभासद म्हणून मागितलाय. सचिवांनी पोच दिली आहे, गोल शिक्का मारून. तपशिलासाठी पुढच्या आठवड्यात या म्हणाले. गेल्या आठवड्यातही हेच म्हणाले होते.